राजीनाम्याआधी फेलोशिपचे पत्र हाती हवे

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गोवंडीतील एका संस्थेत क्षयरुग्णांच्या पाठपुराव्याचे काम करते. सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करायची मनापासून इच्छा आहे, परंतु घर माझ्या पगारावर चालते. शिष्यवृत्तीच्या भरवशावर नोकरी सोडावी का? परदेशाचा विचार करावा का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : फेलोशिप मंजूर झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका. प्रवेश मिळाला म्हणजे पैशांची सोय झाली, असे अनेक जण गृहीत धरतात आणि अडचणीत येतात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाल्यास २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आणि शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. वयोमर्यादा ३० वर्षांची असली तरी स्त्रियांना पाच वर्षांची सवलत असल्याने तुम्हाला अजून संधी आहे. या परीक्षेत ‘सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य’ हा स्वतंत्र विषय आहे. तुम्ही संबंधित प्रवर्गात मोडत असाल, तर बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. मात्र फेलोशिपची रक्कम पगारासारखी ठरल्या तारखेला जमा होईलच असे नाही, म्हणून काही महिन्यांचा घरखर्च आधीच बाजूला काढून ठेवावा.

खरा वेळ द्यायला हवा तो संशोधनप्रश्नाला, आणि इथे तुमची बाजू इतर अनेक उमेदवारांपेक्षा भक्कम आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. खोकला आणि ताप पहिल्या काही आठवड्यांतच उतरतात, अंगात बळ येते आणि हातावर पोट असलेली बाई पुन्हा कामावर जाऊ लागते. दवाखान्याची वेळ आणि तिच्या कामाची वेळ एकच असेल, तर गोळ्या नेमक्या कधी आणि का सुटतात, हे तुम्ही रोज पाहत असाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्यापर्यंतच पोहोचतात. गोवंडीतली एक गल्ली दुसरीपेक्षा वेगळी का, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. ‘मुंबईतील क्षयरोग’ असा अघळपघळ विषय घेण्यापेक्षा तुमच्या वस्तीत गोळ्या कधी आणि का सुटतात, एवढाच प्रश्न दोन पानांत मांडा आणि त्याच विषयात काम करणारे मार्गदर्शक शोधा. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिच्या जवळच असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, दोन्ही तुमच्या कामाच्या ठिकाणापासून दूर नाहीत.

परदेशाबाबत थोडक्यात सांगायचे, तर शुल्क आणि निर्वाहभत्ता दोन्ही मिळणार असतील तरच जावे. ब्रिटनसाठी राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहे. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप मात्र भारतात पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी असते, त्यामुळे ती पुढचा टप्पा समजावी.

आणखी एक बाब आताच मार्गी लावा. सध्या तुमच्याकडे असलेल्या रुग्णांच्या नोंदी उपचारासाठी घेतलेल्या आहेत. नैतिकता समितीची मंजुरी आणि संस्थेची व महापालिकेची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय त्या प्रबंधात वापरता येणार नाहीत. या परवानग्यांना बराच काळ लागू शकतो, तेव्हा संस्थेच्या प्रमुखांशी नोकरीत असतानाच बोलून घ्या.