स्वस्तातली स्विफ्ट आणि पुण्याच्या मामाची बलेनो

प्रश्न : मुलाला नुकतीच अठरा पूर्ण झाली, लर्निंग लायसन हातात आलंय. आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो, त्याचं कॉलेज वाघोडियाला. बाइक द्यायला माझं मन धजत नाही, म्हणून जुनी कार घ्यायचं ठरलंय. ह्यांचं म्हणणं, "पहिली गाडी ठोकणारच आहे तो, मग जितकी जुनी तितकी बरी." तीन गाड्या समोर आहेत. ह्यांच्या ऑफिसमधल्या एका भाईंची 2009ची सँट्रो, एकहाती वापरलेली, 80 हजारांत. फतेगंजच्या एका दलालाकडे 2018ची स्विफ्ट, सीट कव्हरं नवीकोरी, भाव बाजारापेक्षा लाखभर कमी. आणि पुण्याच्या माझ्या भावाची 2016ची बलेनो, नंबर एमएच 12, भाच्यासाठी तीन लाखांत देतो म्हणतो. काय करावं?
— सौ. वि. जो., मांजलपूर

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांचं वाक्य घेतो, कारण ते मी गॅरेजात कायम ऐकतो. पोरगा गाडी ठोकणार हे धरूनच चाललोय, तर ठोकल्यावर आत बसलेल्या पोराचं काय, हा हिशोब आधी करा. बंपरचा नंतर. घरातला सगळ्यात कच्चा चालक आणि त्याच्या वाट्याला सगळ्यात बिनसंरक्षणाची गाडी, हे मला कधी पटलं नाही.

2009च्या बहुतेक सँट्रोंना ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). तेव्हा सक्तीच नव्हती. एबीएस सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं एप्रिल 2019मध्ये, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैत, शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर. जानेवारी 2014मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा बिनएअरबॅगच्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यातली पोलो दोन एअरबॅगा लावून पुन्हा आपटली, तर चार तारे. पण हेही ध्यानात घ्या की पोलोचा सांगाडा मुळातच टिकला होता. सांगाडा चेपला तर एअरबॅग एकटी काय करणार? म्हणून अपघातातून जोडून उभी केलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, नको.

सँट्रोची 15 वर्षांची नोंदणी 2024मध्येच संपलीय. जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवायचा दिल्लीसारखा नियम बडोद्याला नाही, फिटनेसमध्ये पास झाली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. ते झालेलं नसेल तर तो वांधा तुमच्या गळ्यात येणार. भाईंची गाडी निगुतीने ठेवलेली असेलही, पण ती भाईंनाच चालवू द्या.

आता स्विफ्ट. कागदावर ही उत्तम आहे. 2018च्या नव्या स्विफ्टला दोन एअरबॅगा आणि एबीएस सगळ्या मॉडेलांत होतं. मग लाखभर कमी का? बडोद्यात जुनी गाडी घेताना मी पहिला प्रश्न किलोमीटरचा विचारत नाही. ऑगस्ट 2024च्या शेवटी ही गाडी कुठे उभी होती, हे विचारतो. विश्वामित्री नदीचं पाणी तेव्हा पुरात 35 फुटांवर गेलं होतं. अकोटा, समा, फतेगंज, सयाजीगंज भागातल्या पार्किंगमध्ये गाड्या स्टिअरिंगपर्यंत बुडाल्या. त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुतल्या, वाळवल्या, नवी सीट कव्हरं चढवली आणि बाजारात आल्या.

पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी सहा महिने गुण्यागोविंदाने चालते, हीच तिची खोड. वायरिंगच्या जोडण्या आतून हिरव्या पडत जातात आणि मग एक दिवस काच खाली येत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे एअरबॅग फोडायचा हुकूम देणारा कंट्रोलर पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत असतो. पाणी आत शिरलं की आधी तोच बुडतो. म्हणजे ज्या एअरबॅगेसाठी आपण स्विफ्ट घ्यायची, तिचाच भरवसा उरत नाही.

म्हणून बघायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. दलाल बेल्टचा दिसणारा भाग धुतात, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ तशीच राहते. डिकीतलं स्टेपनी उचलून खालचा खड्डा चाचपून पाहा, गालिचा उचला, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा. आत सुगंधी फवारा घमघमत असेल तर मला आणखीच शंका येते. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा लागून विझायला हवा. अजिबात लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

आणि विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा, एक नव्हे, 2023पासूनच्या सगळ्या. क्लेम न घेणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 20 टक्क्यांपासून वर्षावर्षाने चढत 50पर्यंत जातो. 2023च्या पॉलिसीवर 50 आणि पुराच्या नंतरच्या पॉलिसीवर शून्य दिसलं, तर मध्ये क्लेम घेतलाय, विम्यात खंड पडलाय किंवा मालक बदललाय. तिन्हींपैकी काय, ते दलालाला सांगू द्या. "कागद घरी राहिले" म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

माझं मत बलेनोला. 2015मध्ये बाजारात आली तेव्हापासून सगळ्या मॉडेलांना दोन एअरबॅगा आणि एबीएस होतं, आणि मालक घरचा, म्हणजे ठोकली कधी, बुडाली का, हे खरं कळेल. तिचा पत्रा हत्तीच्या कातड्यासारखा नाही, हे मुलालाही सांगा. एक काम मात्र भावाकडून आधी करून घ्या. ऑगस्ट 2015 ते मे 2016 दरम्यान बनलेल्या 75 हजारांहून जास्त बलेनो कंपनीने एअरबॅग कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलायला परत बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, ते काम झालंय का. टायरही बघा. बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी तेवढा जुना टायर मी पोराच्या गाडीला ठेवणार नाही.

कागदांची कटकट आहे, ती लपवत नाही. पुण्याच्या आरटीओकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मग दर्जीपुऱ्याच्या आरटीओत जीजे 06चा नंबर आणि गुजरातचा कर. आकडा तिथे आधी विचारून घ्या आणि तो तीन लाखांच्या वर धरून चला. महाराष्ट्रात भरलेल्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी भावाला अर्ज करता येतो, पण त्याला चिकाटी लागते. विमा 14 दिवसांच्या आत मुलाच्या किंवा तुमच्या नावावर करा. नो क्लेम बोनस भावाकडेच राहणार, तो गाडीबरोबर येत नाही. लोक इथेच फसतात.

प्रश्न : मुलगी सतराची आहे, गाडी छान चालवते. नवरात्रात घरची जुनी ऑल्टो घेऊन मैत्रिणींबरोबर गरब्याला जाऊ दे म्हणते. रात्री पोलीस कुठे असतात?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : दादा, बडोद्यात नवरात्रातच तर असतात. आणि पकडलं तर दंड एकट्या तिला नाही, तुम्हालाही आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत लायसन नाही. ॲक्टिव्हा देतो म्हणाल तर तीही नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. यंदा ऑल्टो तुम्ही चालवा आणि लांबच्या पार्किंगमध्ये लावून तिची वाट बघा.