अठरा कॅप्सूल आणि तीन पाळ्या

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३६. पाळीच्या आधीचे आठ-नऊ दिवस मी माणसात नसते. छाती इतकी दुखरी होते की मुलाने मिठी मारली तरी कळ येते. डोकं ठणकतं, पोट फुगतं, आणि चिडचिडीचं तर विचारूच नका. मागच्या महिन्यात कपाटाचं दार नीट लागत नाही म्हणून मी रडले. मैत्रिणीने चेस्टबेरी नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल सुचवल्या. तिला म्हणे पहिल्याच महिन्यात गुण आला. त्रास सुरू झाल्यावर मी रोज एक घेऊ लागले, पाळी आल्यावर बंद केली, पुढच्या महिन्यात परत तसंच. एकूण अठरा झाल्या, फरक शून्य. अजून किती दिवस वाट बघू? की हे सगळं थोतांडच आहे?

उत्तर : रागावू नका, पण तुमच्या त्या अठरा कॅप्सूल मी हिशेबातच धरत नाही. डोकं दुखलं की गोळी घ्यावी, तशी तुम्ही ती घेतलीत. ही वनस्पती तशी चालत नाही. ती रोज घ्यायची असते, पाळीच्या दिवसांतही आणि अगदी मजेत असाल त्या दिवशीही. आणि ‘किती दिवस’ या प्रश्नाचं उत्तर दिवसांत नाहीच, ते पाळ्यांत आहे : सलग तीन पाळ्या. त्याआधी ‘गुण आला’ म्हणणारीवर मी विश्वास ठेवत नाही, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणणारीवरही नाही.

आधी नावाचा घोळ मिटवते, कारण छाती दुखते म्हणून ‘चेस्टबेरी’ असं समजणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटल्या आहेत. इथला ‘चेस्ट’ म्हणजे छाती नव्हे, ब्रह्मचर्य! या झुडपाची फळं मिऱ्याएवढी असतात आणि मठातल्या साधूंची वासना ती शमवतात, अशी युरोपात जुनी समजूत होती. शास्त्रीय नाव व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस. आपली निर्गुडी तिच्याच कुळातली, पण झाड वेगळं. म्हणून एकीवर झालेल्या चाचण्यांचे निकाल दुसरीला चिकटवता येत नाहीत.

आता उशीर का लागतो ते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सोडते. त्याला आवर घालण्याचं काम डोपामिन करतं. चेस्टबेरीतली काही द्रव्यं डोपामिनच्याच जागी जाऊन बसतात आणि प्रोलॅक्टिन थोडं खाली आणतात. छातीचा जडपणा या प्रोलॅक्टिनशी जोडलेला आहे. पण त्रास होतो तो महिन्याच्या एका टोकाला, आणि त्याची तयारी आधीच्या दोन आठवड्यांत झालेली असते. घर पेटल्यावर विहीर खणायला घेतली तर काय होणार?

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चेस्टबेरीची जर्मनीतली एक चाचणी छापून आली. १७० स्त्रिया, काहींना रोज २० मिलिग्रॅम अर्काची गोळी, काहींना तशीच दिसणारी, पण औषधच नसलेली पोकळ गोळी. कोणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत, ना डॉक्टरांना. तीन पाळ्यांनंतर मोजलं, तेव्हा अर्क घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के जणींचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला होता. पोकळ गोळीवाल्यांत हेच प्रमाण २४ टक्के होतं. चिडचिड, राग, मनाची चढउतार, डोकेदुखी, छातीचा जडपणा, सगळ्यांत फरक दिसला. पोट फुगण्यात मात्र दिसला नाही. तेव्हा तुमच्या यादीतल्या पोटाची आशा या कॅप्सूलवर ठेवू नका.

त्या दोन आकड्यांकडे जरा नीट बघा. अर्क घेऊनही जवळजवळ निम्म्या जणींना म्हणावा तसा फायदा झाला नाही. आणि पोकळ गोळी घेऊन चौघींतल्या एकीला झाला! तुमची मैत्रीण खोटं बोलते असं मी म्हणत नाही. पण आपण औषध कधी सुरू करतो? सगळ्यात वाईट महिना सोसल्यावर. त्याच्या पुढचा महिना बऱ्याचदा आपसूकच जरा बरा जातो, आणि हार कॅप्सूलच्या गळ्यात पडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, माझीच फजिती झाली आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी मी स्वतः हा अर्क घेतला. पहिल्या महिन्यात मी अशी शांत की घरातल्यांनी माझं काही बिनसलंय का म्हणून विचारलं. मी उत्साहाने एका डॉक्टर मैत्रिणीला फोन करून सांगितलंसुद्धा. दुसऱ्या महिन्यात पाळीच्या तीन दिवस आधी मी पेनाचं टोपण भिंतीवर फेकून मारलं. मग रोजच्या त्रासाला शून्य ते पाच आकडे देत होते, ती वही उघडली. पहिल्या महिन्यात मी दहा दिवस रजेवर होते आणि रोज आठ तास झोपले होते. ते श्रेय रजेचं होतं! तिसऱ्या पाळीपर्यंत छातीचा आकडा पाचावरून दोनावर आला, रागाचा चारावरून तीनावर, आणि पोट होतं तसंच. एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मीच विद्यार्थ्यांना घोकून घेते, तेव्हा माझ्या आकड्यांना फार किंमत देऊ नका. किंमत आहे ती वहीला. ती नसती तर मी पहिल्या महिन्यात या कॅप्सूलची भक्त झाले असते आणि दुसऱ्या महिन्यात डबी कचऱ्यात टाकली असती, आणि दोन्ही वेळा चुकले असते.

तर वही अशी ठेवा. ज्या तक्रारी तुम्हाला खरंच छळतात त्या चार-पाचच निवडा. रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येकीपुढे शून्य ते पाच यांतला एक आकडा लिहा, पाळीच्या दिवसांवर खूण करा, बस. बहुतेक जणी फक्त वाईट दिवशी लिहितात आणि चांगल्या दिवसांची पानं कोरी सोडतात. चांगल्या दिवसाचं शून्य लिहिणं जास्त गरजेचं आहे, कारण रोगाची ओळख त्यावरूनच पटते. पाळीपूर्व त्रास असेल तर पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत आकडे खाली येतात आणि पुढचा निदान आठवडाभर जवळजवळ स्वच्छ जातो. तो आठवडाही तसाच जड जात असेल तर चेस्टबेरीचा विषय तिथेच संपला. मग थायरॉइड, रक्तातलं लोह, मायग्रेन, नैराश्य या दिशेने बघायला हवं. शक्यतो दोन पाळ्या नुसती वही भरा आणि मग कॅप्सूल सुरू करा. एवढा धीर निघत नसेल तर किमान एक पाळी तरी.

डबीवरचा आकडाही तपासा. चाचणीतले २० मिलिग्रॅम हे अर्काचे होते. काही कॅप्सूलमध्ये अर्क नसून फळाची नुसती भुकटी असते आणि लेबलवर ४०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. आकडा मोठा म्हणजे औषध जास्त, असं इथे नाही. आणि फरक पडेना म्हणून दोन-दोन घेऊ नका. २०१२ सालच्या एका चाचणीत ८, २० आणि ३० मिलिग्रॅम अशा मात्रा ताडून पाहिल्या होत्या. ८ पेक्षा २० सरस ठरली, ३० ने वर काहीच दिलं नाही.

मळमळ, डोकेदुखी, अंगाला खाज किंवा पुरळ हे त्रास होऊ शकतात, पाळी थोडी मागेपुढेही होऊ शकते. गरोदर असाल, दिवस जावेत म्हणून प्रयत्न करत असाल किंवा अंगावर पाजत असाल तर घेऊ नका. स्तनाचा किंवा संप्रेरकांशी संबंधित कुठलाही कर्करोग होऊन गेला असेल, पिट्युटरीचा विकार असेल, किंवा ब्रोमोक्रिप्टिन, मेटोक्लोप्रामाइड, मनोविकारावरची औषधं यांपैकी काही चालू असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. वनस्पतीची आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. डोपामिनशी खेळते ती.

तीन पाळ्यांनंतरही वहीतले आकडे हललेच नाहीत, तर बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना वही न्या. कॅल्शियमचा पर्याय आहे. १९९८ साली छापलेल्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांच्या तक्रारी तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी उतरल्या, पोकळ गोळीवर ३० टक्क्यांनी. इथेही तिसरी पाळीच, बघा. मुतखडा झालेल्यांनी मात्र विचारूनच घ्यावं.

गंमत म्हणजे तुमची ‘त्रास सुरू झाला की घ्यायची, पाळी आली की थांबवायची’ ही पद्धत एका औषधाला चालते. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या तीव्र पाळीपूर्व त्रासात काही दिवसांतच काम करू लागतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फक्त पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत घेता येतात. त्या दिवसांत जगणं नकोसं होत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर वही, तीन पाळ्या, चेस्टबेरी सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो तीव्र प्रकार, पीएमडीडी, वेगळा आजार म्हणून मान्य झालेला आहे आणि त्याला औषध आहे.

कपाटाचं दार तेवढं दुरुस्त करून घ्या. ते काही संप्रेरकांमुळे अडत नसणार.

प्रश्न : मी गर्भनिरोधक गोळी घेते. सोबत चेस्टबेरी चालेल का? माझ्या डबीत तीन-चार वनस्पती एकत्र आहेत.

उत्तर : स्वतःच्या मनाने नको. गोळीने तुमचं बीजांड सुटणं थांबवलेलं असतं, त्यामुळे संप्रेरकांची दर महिन्याची नेहमीची चढउतार तुमच्यात नसते. शिवाय दोन्ही गोष्टी संप्रेरकांच्याच कारभारात हात घालतात. गोळी घेऊनही दर महिन्याला त्रास होत असेल तर गोळीचा प्रकार बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ड्रोस्पायरेनोन नावाचं संप्रेरक असलेल्या काही गर्भनिरोधक गोळ्या याच कामासाठी वापरतात.

आणि त्या डबीवरची यादी आज वाचा. ‘सेंट जॉन्स वॉर्ट’ हे नाव दिसलं तर डबी बंद करा. मन शांत करणाऱ्या काही मिश्रणांत ही वनस्पती घातलेली असते. तिच्यामुळे यकृत गर्भनिरोधक गोळी भराभर मोडून टाकतं आणि गोळी चालू असतानाही दिवस राहू शकतात. ती आधीच काही दिवस घेऊन झाली असेल, तर थांबवल्यानंतरही चार आठवडे दुसरी खबरदारी घ्या.