वाचक विचारतात : तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

भरिताची वांगी बाजारात उतरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात पोटाच्या तक्रारी असतात, थंडीत वजनाच्या. या महिन्यात आलेल्या पत्रांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे. सहा महिन्यांपूर्वी मी भाकरी आणि भात सोडला. सकाळी ओट्स व रात्री कच्च्या भाज्या खाते. सुरुवातीला तीन किलो वजन उतरले, ते आता परत आले आहे. मार्गशीर्षातले गुरुवार आणि दोन्ही एकादश्या मी करते. घरातील पाच माणसांचा नेहमीचा स्वयंपाक मलाच करावा लागत असल्याने रोज दोन वेगळे स्वयंपाक होतात. तेलाचा १५ किलोचा डबा आम्हाला दोन महिने पुरतो, म्हणजे तेल काही फार नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी भाकरी खाऊन कोणी जाड झाले नाही. त्यांचे बरोबर की माझे? (एक गृहिणी, अमळनेर)

उत्तर : सासूबाईंचे निम्मे बरोबर आहे. एका मध्यम भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून २०० च्या आसपास कॅलरी मिळतात. तेवढ्याच पिठाच्या पोळीतूनही जवळजवळ तेवढ्याच मिळतात, म्हणून भाकरी खाल्ल्याने वजन उतरते हे जितके खोटे, तितकेच नुसती भाकरी सोडल्याने ते उतरते हेही खोटे. सासूबाईंच्या पिढीने ती भाकरी विहिरीचे पाणी शेंदून, निंदणी आणि कापूसवेचणी करून जिरवली. आज घरात नळ, मिक्सर आणि दारात दुचाकी असताना ताटातील भाकऱ्यांची संख्या मात्र अनेक घरांत तीच राहिली आहे. म्हणून भाकरी सोडू नका, तीनच्या दोन किंवा दोनाची दीड करा.

कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी तर अजिबात सोडू नका. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमायनो आम्ल कमी असते, ते उडदात भरपूर असते, आणि उडदात जे कमी पडते ते ज्वारी भरून काढते. त्यामुळे हे पीठ नुसत्या ज्वारीपेक्षा पोटाला अधिक वेळ आधार देते. ओट्स वाईट नाहीत, पण घरात दादर ज्वारीची कोठी भरलेली असताना ते विकत कशासाठी आणायचे, हे मला कळलेले नाही.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्यावर मी थांबले, त्याकडे येते. १५ किलोचा डबा पाच माणसांना ६० दिवस पुरतो, याचा अर्थ प्रत्येकाच्या वाट्याला रोज ५० ग्रॅम तेल येते. एका ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे नुसत्या तेलाच्या ४५० कॅलरी झाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० कॅलरी लागतात. त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक कॅलरी भाकरी, डाळ, दूध मोजण्याआधी फोडणीतच संपत असतील, तर भाकरीवर राग काढून काय उपयोग? तोच डबा तीन महिने पुरवला, तर प्रत्येकाचे तेल रोज ३३ ग्रॅमवर येते आणि दीडशे कॅलरी वाचतात. महिन्याच्या साडेचार हजार होतात आणि शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, हा हिशेब धरला तर अर्ध्या किलोहून थोडे अधिक वजन केवळ एवढ्यानेच उतरायला हवे. प्रत्यक्षात शरीर इतके काटेकोर वागत नाही आणि वजन उतरू लागले की त्याची गरजही थोडी कमी होते, तरी दिशा हीच आहे. शिवाय त्याचा लाभ घरातील पाचही जणांना होतो आणि दुसरा स्वयंपाक बंद होतो.

त्यासाठी डब्यावर आणल्याची तारीख लिहा आणि फोडणीचे तेल पिशवीतून थेट कढईत न ओतता चमच्याने मोजून घाला. आपल्याकडे रश्श्यावर लाल तर्री दिसली नाही तर सुगरणीच्या हाताला नावे ठेवली जातात, हे मला माहीत आहे. पण तर्रीचा रंग मिरचीचा असतो आणि वजन तेलाचे. शेवभाजीत तर तेल दोनदा येते, एकदा रश्श्यातून आणि एकदा शेवेतून. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेवेत दीडशेहून अधिक कॅलरी असतात. ती आठवड्यातून एकदा करावी आणि शेव वाढताना वाटीने मोजून घालावी.

भरिताबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. वांगे काड्यांवर भाजलेले असते, त्यामुळे तळलेल्या वांग्यासारखे ते तेल पीत नाही, आणि १०० ग्रॅम वांग्यात जेमतेम २५ कॅलरी असतात. भरीत जड होते ते फोडणीमुळे, तिच्यात तळलेल्या शेंगदाण्यांमुळे आणि शेतातल्या पार्टीत त्याच्या सोबतीला येणाऱ्या पुऱ्यांमुळे. शेंगदाणे तळण्याऐवजी भाजून घाला, कांद्याची पात सढळ हाताने वापरा आणि पुरीऐवजी भाकरी घ्या; मग भरीत दुसऱ्यांदा घेतले तरी माझी हरकत नाही.

उपवासांचे सांगायचे राहिले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र असतात. शेंगदाण्याचा कूट आणि तेल धरून खिचडीच्या एका भरल्या ताटलीत ४५० ते ५०० कॅलरी सहज होतात आणि सकाळ-संध्याकाळ तीच खाल्ली तर गुरुवार हा आठवड्यातील सर्वांत जड दिवस ठरतो. भगर आणि दही, एखादे फळ आणि ताक एवढ्यावर उपवास उत्तम होतो.

तुमचा उंची-वजन निर्देशांक (बीएमआय) ३१ च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर स्थूलपणा मानतात. कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर होतो. तरीही ५५ किलोचे ध्येय आज ठेवू नका. पहिल्या सहा महिन्यांत साडेतीन-चार किलो उतरवा. वजनातील पाच टक्के घटीनेही रक्तदाब आणि रक्तातील साखर सुधारू लागते. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करा, कारण मीठ-पाण्याच्या चढउताराने ते एक-दोन किलो रोजही हलते. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजा. स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती एकदा करून घ्या.

प्रश्न : मी रेल्वेत रात्रपाळी करतो. वय ३८, वजन ८९ किलो. रात्री दीड-दोनला भूक लागते, तेव्हा बाहेर जे गरम मिळेल ते खातो, बहुधा वडापाव किंवा शेवभाजी. जागे राहण्यासाठी पाच-सहा चहा होतात. सकाळी घरी येऊन पोटभर जेवून झोपतो. चालायला वेळ मिळत नाही. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : तुमच्या दिनक्रमात दिवस कोठे संपतो आणि कोठे सुरू होतो, हेच शरीराला कळत नाही आणि खरी अडचण तीच आहे. झोप अपुरी झाली की भूक आणि तृप्ती यांचे संकेत देणाऱ्या संप्रेरकांचा तोल बिघडतो आणि अशा वेळी मन तळलेल्या व गोड पदार्थांकडेच ओढ घेते. त्यामुळे आधी झोपेचे पाहा. सकाळी घरी आल्यावर हलका नाश्ता घेऊन, खोली अंधारी करून सलग सहा-सात तास झोपा आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी, आठच्या सुमारास घरीच करावे. त्यात वरण किंवा उसळ असावीच. कढी-फुनके केले तर अधिक चांगले, कारण फुनके तुरीच्या डाळीचे आणि वाफवलेले असतात. रात्री दोनची भूक खरी असते, तिला नाकारू नका. मात्र तिच्यासाठी डबा घरून न्या. दोन उकडलेली अंडी आणि अर्धी भाकरी, किंवा मूठभर फुटाणे आणि ताक एवढे पुरते. ३० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ११० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तेवढ्याच शेवेत कॅलरी दीडपट आणि प्रथिने निम्मी.

एका चहात दोन चमचे साखर धरली, तर पाच चहांतून ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी होतात. जागतिक आरोग्य संघटना जी अधिक इष्ट मर्यादा सांगते, ती दिवसाला सुमारे २५ ग्रॅम साखरेची आहे. चहा तीनवर आणा, साखर एक चमच्यावर आणा आणि शेवटचा चहा पहाटे तीनच्या आधी घ्या, नाहीतर सकाळची झोप बिघडेल. चालण्यासाठी सलग तास मिळण्याची वाट पाहू नका. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे पुरेसे आहे आणि ती दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनीही भरतात. तुम्ही घोरता का आणि दिवसा बसल्या जागी डुलकी येते का, हे पत्रात लिहिलेले नाही. दोन्ही असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.

प्रश्न : माझे वय २४, उंची १६० सेंटिमीटर, वजन ५७ किलो आहे. दीड महिन्याने लग्न आहे. तोपर्यंत दहा किलो कमी करण्यासाठी मी दिवसातून एकदाच जेवते. आठवडाभर चक्कर येते आहे. आणखी काय करू? (शहादा)

उत्तर : आणखी काही करू नका, जे करता आहात तेही आजच थांबवा. तुमचा निर्देशांक २२ च्या थोडा वर आहे, म्हणजे तुमचे वजन योग्य आहे, आणि दहा किलो कमी झाले तर तुम्ही कमी वजनाच्या गटात जाल. वजन इतक्या वेगाने उतरवले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात. म्हणजे हळद आणि लग्न पार पडेल आणि केस गळतील ते सासरी.

चक्कर येते आहे, तर प्रथम रक्त तपासून घ्या. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि तुम्ही त्यांच्यापैकी असू शकता. पालेभाजीवर लिंबू पिळा, कडधान्ये रोज खा, आणि जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, कारण त्याने अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. वजनाची ही घाई तुमची आहे की आणखी कोणाची, हे पत्रातून कळत नाही. दुसऱ्या कोणाची असेल, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. वजन वाढते म्हणून डॉक्टर केळी खाऊ नका म्हणाले असे वडील सांगतात. घरात केळी आणि खायची नाहीत, हे कसे जमावे? (रावेर)

उत्तर : डॉक्टरांनी वडिलांना रक्तातील साखरेसाठी किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी केळे वर्ज्य केले असेल, तर ते त्यांच्यापुरतेच आहे आणि ते पाळावे. निरोगी माणसाला दिवसाला एक केळे चालते. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात, तुमच्याकडचे लांब केळे असेल तर थोड्या अधिक. अडचण होते ती केळे जेवणाच्या वर खाल्ल्याने, शिकरणीत साखर घातल्याने आणि वेफर्सने; १०० ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात आणि ते संपायला गप्पांचा एक तुकडा पुरतो. चारच्या चहाबरोबरच्या फरसाणाऐवजी केळे खा.

प्रश्न : वडिलांचे वय ६२, मधुमेहाची गोळी सुरू आहे. वजन कमी करण्यासाठी रात्रीचे जेवण पूर्ण बंद करायचे म्हणतात. (धुळे)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन यांमुळे जेवण चुकले की रक्तातील साखर एकाएकी घसरू शकते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत आणि झोपेत असे घडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वजन कमी होणे त्यांच्या हिताचेच आहे, पण जेवण घटवताना गोळीची मात्राही बदलावी लागते आणि ते काम पत्रातून होणारे नाही. तोवर रात्रीचे जेवण आठच्या आत, एक भाकरी, भरपूर भाजी आणि वाटीभर वरण एवढे ठेवावे.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेतल्याने चरबी वितळते का? साखरेऐवजी गूळ घेतला तर चालेल का? (चोपडा)

उत्तर : चरबी कोणत्याही पाण्याने वितळत नाही. गुळात आणि साखरेत वजनाला वजन जवळपास सारख्याच कॅलरी असतात, म्हणून गुळाचा चहा हा साखरेच्या चहाइतकाच मोजावा. कोमट पाणी लिंबू पिळून आवडत असेल तर जरूर घ्या. त्यातील मधाचा चमचा मात्र दिवसाच्या साखरेत धरा.