मुलांच्या तोलाचा अभ्यास सुरू करताना

आधी ठरवा, कुणाच्या पद्धतीने मोजणार. फिजिओथेरपीत पेडियाट्रिक बॅलन्स स्केल चालतं: १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ५६ गुण. सोयीचं आहे, पण सात वर्षांच्या आसपासची निरोगी मुलं जवळपास पूर्ण गुण घेतात. त्यापुढची वाढ त्यात दिसणारच नाही.

बायोमेकॅनिक्सवाले, म्हणजे शरीराच्या हालचालींचं यांत्रिकी अभ्यासणारे, मुलाला फोर्स प्लेटवर (पावलांचा जोर मोजणाऱ्या पाटावर) उभं करून दाबकेंद्र, म्हणजे पावलांखालच्या दाबाचा मध्यबिंदू, कसं सरकतं ते पाहतात. १०० हर्ट्झवर (सेकंदाला १०० नोंदी) ३० सेकंदांच्या तीन फेऱ्या घ्या, डोळे उघडे आणि मिटलेले अशा दोन्ही. पावलांची जागा आखून ठेवा. पाय जरा फाकले की डोलणं कमी भरतं आणि तीच प्रगती वाटते. मूल नाक खाजवणार, वळून बघणार, हे धरूनच चाला. व्हिडिओ ठेवा, बिघडलेल्या फेऱ्या बाद करा, किती बाद केल्या तेही लिहा. दाबकेंद्राच्या मार्गाची लांबी काढण्याआधी १० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याहून वेगवान कंपनं गाळणारा) लावा, नाहीतर यंत्राचा गोंगाटच मोजाल.

कमी डोलणं म्हणजे चांगला तोल, असं मात्र समजू नका. घाबरून ताठरलेलं मूलही कमी डोलतं.

विकासाच्या मानसशास्त्राचा प्रश्न वेगळा: तोलासाठी मूल कशावर विसंबतं? ली आणि ॲरन्सन यांनी १९७४मध्ये नुकतंच उभं राहू लागलेल्या मुलांभोवतीची खोलीच हलवली. जमीन स्थिर असूनही मुलं झुकली, काही पडली.

वेगवेगळ्या वयांचे गट एकदाच मोजून ‘विकास झाला’ असं लिहू नका. त्यासाठी तीच मुलं पुन्हा मोजावी लागतात, आणि दर खेपेला उंची-वजनही.