निवृत्तीनंतर इनर व्हील क्लबात जावं का?

तुम्ही विचारलंय की मार्चअखेर बँकेतून निवृत्त होताय, मैत्रीण इनर व्हील या बायकांच्या समाजसेवी क्लबात चल म्हणून मागे लागली आहे, नवरा रोटरी क्लबात नाही, आणि तिथं खरंच काम होतं की नुसत्या साड्या नि फोटो?

ताई, जरूर जा. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर गेले आणि अजून आहे. नवरा रोटरीत नसला तरी काही अडत नाही. पूर्वी तशी अट होती, कारण संस्थेची सुरुवातच रोटरीवाल्यांच्या घरातून झाली. पहिल्या महायुद्धात त्यांच्या बायकांनी मँचेस्टरमध्ये मदतकार्य केलं होतं. पुढे मार्गरेट गोल्डिंग या पेशानं परिचारिका असलेल्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं आणि 10 जानेवारी 1924 ला पहिला क्लब सुरू झाला. 2012 मध्ये नियम बदलला. आता क्लबनं बोलावलं आणि बहुतेकींची संमती असली की झालं. आमच्याकडे अशा बऱ्याच जणी आहेत.

साड्या नि फोटो असतात. जुलैत पदग्रहणाला एकसारख्या साड्या, डिस्ट्रिक्ट चेअरमन, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुख, येणार म्हटलं की धावपळ. मला त्यात काही गैर वाटत नाही. जन्मभर घर नि नोकरी ओढलेल्या बायकांनी हौस केली तर बिघडलं कुठं? पण क्लब पारखायचा तो वेगळ्या गोष्टीवरून. आमचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. दर जुलैत अध्यक्ष बदलते. नवीला आपला नवा प्रकल्प हवा असतो, आणि आधीचीनं हौसेनं उभं केलेलं काम तिथंच थांबायची भीती असते. जूनमधलं काम जुलैतही चालू राहतं का, एवढंच बघा.

एचपीव्ही लशीचंच घ्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी ही लस. आम्ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक घेतली. 9 ते 14 वर्षांच्या मुलींना तिचे दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. पहिला फेब्रुवारीत दिला की दुसरा येतो ऑगस्टमध्ये, म्हणजे नव्या अध्यक्षांच्या वर्षात. तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवीची मुलगी आठवीसाठी हायस्कूलला गेलेली असते, कुणी मामाकडे राहायला गेलेली, कुणाच्या वडिलांचा नंबर बदललेला. पहिल्या डोसाची बातमी पेपरात येते. दुसऱ्यासाठी मुली शोधत हिंडावं लागतं, आणि खरं काम ते.

आमच्यात पोस्टातून निवृत्त झालेली एक सभासद आहे. ती जाड रजिस्टर ठेवते. मुलीचं नाव, तुकडी, पालकांची संमतीची सही, तारीख, लशीचा बॅच नंबर, आणि शेवटच्या रकान्यात शेजाऱ्यांचा एक फोन नंबर. तो रकाना तिच्या डोक्यातून निघालेला. किती तरी मुली आम्हाला त्या शेजाऱ्यांमुळेच सापडल्या. अध्यक्ष कुणीही असो, रजिस्टर तिच्याकडेच राहतं. टोचायचं काम डॉक्टर नि नर्सचं. आम्ही मुली जेवून आल्यात ना ते बघतो आणि नंतर अर्धा तास त्यांच्याजवळ बाकावर बसतो, कारण एखादीला चक्कर येते. त्या अर्ध्या तासात मुली पाळीबद्दल, पोटात दुखण्याबद्दल जे विचारतात, ते घरी कुणाला विचारलेलं नसतं.

तुम्ही एप्रिल ते जून पाहुण्या म्हणून मीटिंगांना बसा. वर्गणीचं वर्ष जुलैपासून, तेव्हाच सभासद व्हा. त्याआधी दोन प्रश्न विचारा: एका वर्षापेक्षा जास्त चाललेलं काम कोणतं, आणि मागच्या वर्षीचा हिशेब बघायला मिळेल का? चांगल्या क्लबात सभासदांच्या वर्गणीचं खातं वेगळं आणि प्रकल्पाच्या देणग्यांचं वेगळं असतं. देणगीतला एक रुपयाही चहापाण्याला जाता कामा नये. हे तुमच्याइतकं नीट कोण ओळखणार?

बँकेतल्या म्हटल्यावर खजिनदारपद लगेच तुमच्याकडे येईल. पहिल्या वर्षी नको म्हणा. आधी शाळांमध्ये, वस्त्यांवर फिरा, पैसा कुठं लागतो नि कुठं उगाच जातो ते बघा. दुसऱ्या जुलैत घ्या आणि निदान दोन वर्षं सोडू नका.