जूनमध्ये लावलेलं झाड स्पेनमध्ये का मरतं? आणि तिकडच्या बागांचे बाकीचे प्रश्न

या वेळी फक्त स्पेनमधून आलेली पत्रं घेतेय. बरीच साठली होती, आणि वाचताना जाणवलं की सेविया असो, वालेन्सिया असो की मुर्सिया, त्रास साधारण सारखाच आहे. ऊन आपल्यासारखंच, तापमान आपल्या विदर्भाइतकं, म्हणून आपण बागही तशीच करायला जातो, पण पाऊस तिथे बरोब्बर उलट्या वेळेला पडतो आणि सगळं गणित तिथेच फिरतं.

ताई, सेवियाला नवीन घरात राहायला आलो, मागे थोडी मातीची जागा आहे. जूनमध्ये नर्सरीतून लॅव्हेंडर, रोझमेरी आणि हारा नावाची पांढऱ्या फुलांची झुडपं आणून लावली. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं तरी जुलै संपेपर्यंत सगळी वाळली. ऊन जास्त झालं का? सावलीत लावायला हवी होती का?
एक वाचक, सेविया

उन्हाने नाही हो गेली, पाण्याने गेली. ही तिन्ही झाडं तिथल्याच डोंगरांवरची आहेत, कडक ऊन आणि कोरडी माती हेच त्यांचं घर. उन्हाळ्यात ती वाढायचं जवळजवळ थांबवतात, पानं बारीक, मुळं शांत, एकदम गप्प बसून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाची वाट बघतात. अशा वेळी माती तापलेली आणि वरून रोज दोनदा ओली केली की मुळं सडवणारी बुरशी जोरात वाढते, फायटोफ्थोरा म्हणतात ती, आणि मुळं सडली की झाडाला पाणी ओढताच येत नाही, मग पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं तहान लागली असेल म्हणून आपण अजून पाणी घालतो, आणि खेळ संपतो. पुढच्या वेळी पानं मान टाकताना दिसली की आधी बोट मातीत खुपसून बघा, दोन पेरं खोल ओल लागली तर पाण्याला हात लावू नका.

मुख्य गोष्ट म्हणजे लावायची वेळ. पुण्यात आपण जूनमध्ये झाड लावतो कारण पुढचे चार महिने आभाळ पाणी घालणार असतं. सेवियाला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तो जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये, जुलैत तर थेंब पडला तरी लोक गॅलरीत येऊन बघतात. जुलै-ऑगस्टचं रोजचं कमाल तापमान सरासरी ३६ अंश. स्पेनमधला आजवरचा उच्चांकसुद्धा तुमच्या शेजारच्या कोर्दोबा प्रांतातला, ला राम्ब्ला गावचा, १४ ऑगस्ट २०२१ ला ४७.६ अंश. त्यामुळे आपला जून म्हणजे तिथला ऑक्टोबर. पहिला बरा पाऊस झाला की लावा, माती अजून कोमट असते, हिवाळाभर मुळं खाली उतरतात, आणि मे उजाडेपर्यंत झाड आपलं आपण उभं राहण्याइतकं तयार होतं.

तरी पहिल्या उन्हाळ्यात थोडं पाणी लागेलच. रोज घोटभर नको, आठ-दहा दिवसांनी एकदाच, पण भरपूर, वीत-दीड वीत खोल पोचेल इतकं, तेही पहाटे किंवा रात्री उशिरा. लॅव्हेंडरच्या बुंध्याशी आळं करून पाणी साठवू नका, उलट थोडा उंचवटा करा, खडी मिसळा. दुसऱ्या उन्हाळ्यात याच्याही निम्मं पाणी पुरतं. आणि जून ते सप्टेंबर नर्सरीत काही फुललेलं दिसलं की गाडीत टाकायचा मोह होतो तो मात्र टाळा, नर्सरीवाले तेव्हाही विकतात कारण लोक तेव्हाही घेतात.

नमस्कार ताई. वालेन्सियात पाचव्या मजल्यावर आमची टेरेस आहे. दिवाळीला आईबाबा पुण्याहून येणार आहेत, त्यांना कढीपत्त्याचं छोटं रोप बॅगेत आणायला सांगितलंय. कुठली कुंडी, कुठली माती? आणि तुळस दर हिवाळ्यात मरते, काय करू? कढीपत्त्याला ताक घालायचं का?
एक वाचक, वालेन्सिया

आधी आईबाबांना फोन करा आणि रोप आणू नका म्हणून सांगा. हे मी नियमावर बोट ठेवून सांगत नाहीये, मनापासून सांगतेय.

नियम तर आहेच. डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवासी सामानात रोपं, बिया, ताजी फळं-भाज्या आणायच्या तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजुराला. पण त्यामागचं कारण समजून घ्या. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्यावर सिट्रस सायला नावाचा बारीक किडा राहतो आणि तोच ग्रीनिंगचा रोग पसरवतो, संत्र्याची फळं वाकडी, हिरवट, कडू, आणि काही वर्षांत झाडच जातं, औषध नाही. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना विचारा, त्यांना हे नाव नवीन नाही. फ्लोरिडात २००५ मध्ये हा रोग सापडला आणि तिथला संत्र्याचा धंदा पार खचला. तुम्ही राहताय ते वालेन्सिया म्हणजे स्पेनच्या संत्र्यांचं माहेर, आणि ताजी लिंबूवर्गीय फळं जगात सगळ्यात जास्त निर्यात करणारा देश स्पेन. या रोगाचा आफ्रिकी वाहक किडा २०१४ मध्येच वर गालिसियात सापडलाय, त्यामुळे तिथले शेतकरी आधीच धास्तावलेत. कोवळ्या पालवीला चिकटलेली अंडी आपल्याला डोळ्यांनी दिसतसुद्धा नाहीत. फोडणीच्या चार पानांसाठी एवढी जोखीम शेजारच्या शेतकऱ्यावर टाकायची नाही.

रोप युरोपातल्याच नर्सरीतून घ्या, ऑनलाइनही मिळतं, फक्त त्याच्यावर वनस्पती पासपोर्टचं लेबल आहे ना ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये घ्या. दहा-बारा लिटरची कुंडी, बाजारातल्या नेहमीच्या पिशवीतल्या मातीत तिसरा हिस्सा परलाइट, म्हणजे माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोननंतरचं ऊन नको, तोल्दो म्हणजे टेरेसचं कापडी छत खाली ओढलं की काम होतं. नोव्हेंबरपासून वाढ थांबेल, पानं पिवळी पडून गळतीलही, घाबरू नका, पाणी एकदम कमी करा आणि मार्चपर्यंत कुंडी बदलू नका, बहुतेक लोक हिवाळ्यातल्या पाण्यानेच मारतात. ताक घालायचं का असं पत्राच्या शेवटी विचारलंय, तर वालेन्सियाचं नळाचं पाणी इतकं क्षारांचं की कपभर ताक त्याला कितीसं पुरणार, उलट कुंडीवर चिलटं येतात. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवलंत तर त्याचा जास्त फायदा.

तुळशीचं सोपं आहे. ती दहा अंशांच्या खाली टिकत नाही आणि तिथे जानेवारीच्या रात्री त्याच्याही खाली जातात. तुळशीच्या लग्नापर्यंत ती बाहेर छान राहते, लग्न लावा, मग दक्षिणेच्या खिडकीत आत घ्या आणि मंजिऱ्या वाळवून कागदात बांधून ठेवा. आतली जगली तर आनंद, नाही जगली तर एप्रिलच्या शेवटी बी पेरा, मेच्या उन्हात बघता बघता वर येते. दरवर्षी नवीन तुळस करायची अशी मनाची तयारी ठेवलीत की दर हिवाळ्यात वाईट वाटणार नाही.

मालागाच्या पूर्वेला घर घेतलंय, तिथे आंब्याच्या बागा बघून हरखून गेलो. हापूसची कोय लावली तर येईल का?
एक वाचक, बेलेस-मालागा

कोय उगवेल, पण हापूस येईलच असं नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून झालेला, त्यामुळे रोप आईसारखं निघत नाही, कोकणात म्हणून तर कलमं बांधतात. शिवाय कोय किंवा आंबा भारतातून आणायचा तर वर सांगितलेला नियम आहेच. तुम्ही ज्या आक्सार्कियात राहता तिथे मुख्य जात ओस्तीन, तिचं कलम जवळच्या नर्सरीत सहज मिळेल, फळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार होतं. चव हापूसची नाही हे मान्य, पण स्वतःच्या झाडावरचा ओस्तीन पूर्ण पिकवून खाऊन बघा, दुकानातल्यापेक्षा कितीतरी चांगला लागतो. एक लक्षात ठेवा, मोहोर थंडीत लवकर आला तर फळं बी न धरता बोराएवढीच राहतात, म्हणून काही बागायतदार पहिला मोहोर खुडून टाकतात आणि नंतरच्या मोहोरावर भिस्त ठेवतात. पाण्याचा मात्र आधी विचार करा. २०२३-२४ च्या दुष्काळात तुमचं ला विन्युएला धरण १० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि मोठमोठ्या बागा सुकल्या. एक-दोन झाडं लावा, ठिबकवर, बुंध्याशी जाड आच्छादन करून. बाकी जागेत अंजीर, डाळिंब, बदाम, त्यांना तिथलं हवामान मानवतं.

लिंबाच्या झाडाची नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस (फेरस सल्फेट) घातलं, फरक नाही. अलिकान्ते.
एक वाचक

लोह कमी पडतंय, निदान तुमचं बरोबर आहे, औषध चुकतंय. अलिकान्तेची माती चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपास, त्यात हिराकस पडलं की लोह अडकून बसतं, मुळांना मिळतच नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह घ्या, तिकडे केलातो दे येर्रो म्हणून मागा आणि पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा, ईडीटीए असेल तर त्या मातीत टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन पालवी फुटायच्या वेळी पाण्यात कालवून संध्याकाळी मुळाशी द्या, लगेच वरून पाणी. गडद लाल रंग असतो, फरशीवर सांडला तर डाग जात नाही. जुनी पिवळी पानं हिरवी झाली नाहीत तरी चालेल, पुढची पालवी कशी येते ते बघा.

मुर्सियाजवळ घर, दोन लहान मुलं, त्यांना खेळायला हिरवळ हवी. शेजारी म्हणतात इथे लॉन करणं म्हणजे पाप.
एक वाचक

शेजाऱ्यांचं अगदी चूक नाही, मुर्सियाला वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस आणि थंड हवेच्या गवताला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. पण मुलांना थोडी हिरवी जागा हवी हेही खरंच. अंगणभर नको, मुलं पळतील एवढाच तुकडा करा आणि तिकडे बेर्मूदा म्हणून बी मिळतं ते मे महिन्यात पेरा. ही आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. मुळं खोल, ऊन सोसते, तुडवली तरी परत येते. हिवाळ्यात पिवळी पडेल, ती झोपलेली असते, मेलेली नसते. लिपिया नावाचं जमिनीलगत पसरणारं झाड पाण्याला आणखी काटकसरी, पण फुलांवर मधमाश्या खूप येतात, मुलं अनवाणी खेळणार असतील तर ते नको. आणि पाम्पास गवताचे तुरे कितीही सुंदर दिसले तरी लावू नका, स्पेनमध्ये ते घातक परक्या वनस्पतींच्या यादीत आहे, विक्रीलाच बंदी.

कोर्दोबाला मेमध्ये पातिओंचा, म्हणजे घरांतल्या फुलांनी भरलेल्या अंगणांचा उत्सव बघितला आणि घरी भिंतभर जिरेनियम लावले. आता दांडे आतून पोकळ, काळे पडतायत.
एक वाचक, ग्रानादा

दांडा उभा चिरून बघा, आत हिरवी केसाळ अळी सापडेल. दक्षिण आफ्रिकेतून आलेलं एक छोटं तपकिरी फुलपाखरू कळ्यांवर अंडी घालतं, अळी थेट दांड्यात शिरते. पोकळ दांडे निरोगी भागापर्यंत कापून पिशवीत बंद करून टाका, आणि एप्रिलपासून बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसची फवारणी संध्याकाळी दर दहा दिवसांनी. अळी आत शिरल्यावर फवारून उपयोग नाही. कोर्दोबाच्या त्या पातिओंच्या उत्सवाला युनेस्कोने २०१२ मध्ये वारसा म्हणून मान दिला, तो तिथल्या घरच्या माणसांच्या रोजच्या मेहनतीचा मान आहे. लांब काठीला डबा बांधून उंचावरच्या एकेका कुंडीला पाणी घालतात ना, तेव्हा एकेका कुंडीकडे बघणंही होतं, आणि कीड तेव्हाच सापडते.

ऑगस्टभर भारतात जातोय. मालागात फ्लॅटच्या टेरेसवर वीसेक कुंड्या आहेत. जगतील का?
एक वाचक

जगतील, पण तयारी निघायच्या आदल्या दिवशी करू नका. सगळ्या कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी एकमेकींना चिकटवून ठेवा, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मध्ये, मातीच्या कडेला. वर पाइनच्या सालीचं दोन बोटं आच्छादन. नळाला टायमर आणि ठिबकच्या नळ्या, आणि हे सगळं जायच्या किमान आठवडाभर आधी चालू करून रोज बघा, कुठली नळी तुंबते, कुठली निसटते. टायमरची बॅटरी नवीन घाला, नळाचं कनेक्टर चांगल्यातलं घ्या, कारण ते तुमच्या माघारी निसटलं तर पाणी खालच्या घरात जाईल. नगरपालिकेचे पाण्याचे त्या वर्षीचे निर्बंध आधी वाचा, कोरड्या वर्षी पाण्याच्या वेळा ठरवून देतात.

कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवा. बशीत पाणी साठवलं की झाड महिनाभर पितं असं लोक सांगतात, पण आठवड्या-दहा दिवसांत तिथे डास होतात, आणि स्पेनमध्ये टायगर डास २००४ पासून आहे. आणि तेर्राल सुटला, म्हणजे डोंगराकडून येणारा तो भट्टीसारखा कोरडा वारा, की टायमरने ठरवून दिलेलं पाणी त्या दिवसांना पुरत नाही. त्यासाठी शेजारी कुणाकडे तरी चावी द्या, त्यांना नळ कुठे ते दाखवा, आणि मिरची-टोमॅटोला जे लागतील ते तुम्ही खा म्हणून सांगून ठेवा, म्हणजे ते रोज डोकावतील.