सुपरहिरॉइनची ताकद तिच्या अंगावर दिसायला हवी का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वंडर वुमन एवढी सडपातळ असून रणगाडा उचलते, हे तुम्हाला खटकतं. मलाही खटकतं, पण माझं खटकणं जरा जुनं आहे. ते 2004 च्या मे महिन्यातलं आहे, नागपूरचं, नंदनवनच्या आमच्या जुन्या घरातलं.

कॉलेजात मी तीन वर्षं वेटलिफ्टिंग केलं. 58 किलो वजनाच्या मुलींचा गट. फार दिवे लावले नाहीत, आधीच सांगते: स्नॅच (वजन एका झटक्यात डोक्यावर) 55 किलो, जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 70, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकदा दुसरी आले, संपलं. वेड लागलं ते कर्णम मल्लेश्वरीमुळे. सप्टेंबर 2000 मध्ये सिडनीला तिने 69 किलो गटात स्नॅच 110 आणि जर्क 130, मिळून 240 किलो उचलून ब्राँझ आणलं. ऑलिम्पिकमधलं भारतीय बाईचं पहिलं पदक. पेपरातला तिचा फोटो बाबांनी कापून फ्रीजवर चिकटवला होता आणि टीव्हीसमोर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या आमच्या दादाने. हे लक्षात ठेवा.

वेटलिफ्टिंगने बेडक्या फुगतात असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे भरतात त्या मांड्या, पाठ आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा उतार. मांड्या सलवारीत झाकल्या जातात. खांद्याचं काय करणार? ब्लाउज शिवणाऱ्या काकू दर सहा महिन्यांनी माप घेताना म्हणायच्या, "टेप चुकून राहिला की तू वाढून राहिली?"

तर पाहुणे यायचे होते. पाहण्याचा कार्यक्रम. दादाने फर्मान काढलं, ब्लाउज पूर्ण बाह्यांचा. नागपुरात, मे महिन्यात, दुपारी चार वाजता. बाहेर 45 च्या पुढे पारा, आत मी सिल्कची साडी आणि मनगटापर्यंत बाह्या. आई काहीच बोलली नाही, फक्त पन्ह्यात बर्फ जास्त टाकला.

पाहुणे पाच. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा, एक उगीच आलेले गृहस्थ. मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि तेवढ्यात कूलर कलंडला. आमचा जुना लोखंडी कूलर होता, स्टँडच्या एका पायाखाली वीट लावलेला. ती वीट सरकली. पाणी टाकीतून उसळून सतरंजीवर, पाहुण्यांच्या चपलांकडे. दादा, मामा आणि तो मुलगा तिघे धावले आणि तिघांनीही वरून पत्रा धरला. वरून धरून काही होत नाही. जड वस्तू खालून उचलतात, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. त्यात दादा ओरडून राहिला, "मेन स्विच बंद करा!" आणि तो तर त्याच्याच पाठीमागे.

स्विच आईने बंद केला. मी ट्रे टीपॉयवर ठेवला, पदर खोचला, खाली बसले, पाठ सरळ ठेवली, टाचा दाबल्या आणि स्टँडची ती बाजू उचलली. टाकीसकट सगळं मिळून ऐंशी-नव्वद किलो असेल. एक बाजू म्हणजे त्याच्या निम्मं. माझ्या जर्कपेक्षा कमी. मुलाला म्हटलं, "वीट सरकवा." त्याने निमूट सरकवली. आणि उठताना डावी बाही काखेपासून कोपरापर्यंत टर्रकन उसवली.

आठवड्याने निरोप आला. मुलगी छानच आहे, पण जरा पैलवानी वाटते. दादाचं म्हणणं, "तिघं होतो ना आम्ही तिथं! तुला काहून उचलायचं होतं?" खेळ सोड असं मला घरात कुणीच म्हटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. जूनमध्ये सरावाच्या हॉलची फी भरायची तारीख निघून गेली आणि कुणी आठवण केली नाही. मीही नाही.

मग 2022. दादाच्या घरी भाची टीव्हीवर ती हिरव्या वकीलबाईची मालिका बघत होती, शी-हल्क. दादा समोर तर्री पोहे खात बसलेला. म्हणतो, "ही काय ताकदवान दिसून राहिली? दंड कुठायत हिचे? हल्कची बहीण म्हणे!"

माझा घास घशात अडकला. ज्या माणसाने माझे दंड मे महिन्यात सिल्कखाली झाकले, तो एका चितारलेल्या बाईकडे दंड मागत होता! तसा तो एकटा नव्हता, ट्रेलर आला तेव्हाही पुष्कळ लोक असंच म्हणत होते. 1980 मध्ये कॉमिक्समध्ये आली तेव्हापासून या शी-हल्कची, म्हणजे जेनिफर वॉल्टर्सची, गोष्ट अशी आहे की नात्यातल्या भावाचं, म्हणजे हल्कचं, रक्त तिला चढवलं आणि त्यातून ताकद आली. मला भावाकडून बाह्या मिळाल्या.

असो, तुमचा प्रश्न. रणगाड्याचा हिशोब करा. वंडर वुमनचा चित्रपट पहिल्या महायुद्धातला, आणि तेव्हाचा मोठा ब्रिटिश रणगाडा 28 टनांच्या घरातला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सगळ्यात वरच्या गटात चीनच्या ली वेनवेनने जर्कमध्ये 180 किलो डोक्यावर नेले आणि सुवर्ण जिंकलं. म्हणजे रणगाडा तिच्या दीडशे पट. त्याला शोभेल असं शरीर काढायचं तर मांड्या हेमाडपंती देवळाच्या खांबाएवढ्या लागतील. दंड थोडे जाड दाखवून ते गणित सुटत नाही. परग्रहावरून आलेल्या सुपरगर्लला ताकद पिवळ्या सूर्यापासून मिळते, मग ती काडीसारखी असली तरी कुणाचं काय जातं?

पण जी माणूस आहे, घाम गाळून तयार झाली असं गोष्टच सांगते, तिला खांदे द्या. 2017 च्या वंडर वुमन चित्रपटात बेटावरच्या ॲमेझॉन, म्हणजे लढवय्या, बायकांच्या भूमिकेत कितीतरी खऱ्या खेळाडू होत्या. त्यांच्या पाठी बघा, खांदे बघा. मागच्या रांगेत सगळ्या माझ्यासारख्या आणि पुढे पोस्टरवर मात्र माजी मिस इस्रायल गॅल गॅडोट. हे आजचं नाही. 1941 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्स्टनने ही व्यक्तिरेखा घडवली तेव्हाही सुपरमॅनची ताकद आणि सुंदर स्त्रीचं आकर्षण, दोन्ही एकाच अंगात त्याला हवं होतं. म्हणजे बाईने उचलावं सगळं, पण उचलते असं दिसू नये. आमच्या घरात याला संस्कार म्हणायचे.

आणि "दिसायला हवी" म्हणणाऱ्यांना ताकद नको असते, चित्र हवं असतं. सपाट पोट, कापलेला दंड. पडद्यावरचं तसलं शरीर पुष्कळदा पाणी कमी पिऊन आणि प्रकाश नीट मारून मिळतं. ली वेनवेनला आपली कोणती मंडळी सुपरहिरॉइन म्हणतील? आणि मीराबाई चानू साधे कपडे घालून आमच्या नागपूरच्या बर्डी बाजाराच्या गर्दीतून गेली तर कुणी वळून बघणार नाही. तिने टोकियोत 49 किलो गटात 115 किलो डोक्यावर नेले. स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पटीहून जास्त.

बारीक मुलींवर माझा राग नाही, हे आधी लिहायला हवं होतं. गॅल गॅडोटवरही नाही. त्या चित्रपटाची काही दृश्यं पुन्हा चित्रित केली तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती, पोटावर हिरवं कापड लावून पोट नंतर कॉम्प्युटरवर पुसलं. मला विचाराल तर ते पोट तसंच ठेवायला हवं होतं. तेवढ्याने माझं समाधान झालं असतं.

आणि तुम्हाला घरात बहीण किंवा मुलगी असेल, तर पडद्यावरच्या बाईच्या दंडाची चौकशी करण्याआधी तिचा ब्लाउज कोणत्या मापाने शिवताय ते बघा. दादा हे वाचणार आहे, भाची त्याला वाचून दाखवेल. त्याचं म्हणणं अजूनही तेच आहे की स्थळ हुकलं ते बाही उसवल्यामुळे, उचलल्यामुळे नाही. इतकी वर्षं आम्ही यावर भांडलो, अजूनही भांडतो.

दरवर्षी मार्च लागला की माळ्यावरून कूलर उतरवायला तो मलाच फोन करतो. जावईबापूंना नाही, शेजारच्या पोट्ट्याला नाही. खालचं टोक जड असतं, ते तो न विचारता माझ्याकडे देतो.